सकाळचं पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ का येते? वारीच्या वाटेवरचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

सकाळी जाग येते. अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंत धरून चार-सहा पावलं लंगडत टाकली की दुखणं हळूहळू कमी होतं. चहा होईपर्यंत माणूस ते विसरूनही जातो. दुपारी जेवून तासभर बसून उठलं की पुन्हा तेच.

संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे जिल्ह्यातून जाताना बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत काही दिवस असते. बारामतीचा मुक्काम, मग काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि नीरेच्या काठावरचं सराटी असा हा टप्पा साधारणपणे असतो. पुढे पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते. बारामतीपासून इंदापूरपर्यंतचं अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. देहूहून निघालेल्या वारकऱ्याच्या पायांनी बारामती येईपर्यंत आठवडाभराची चाल केलेली असते. पायाचे फोड, भेगा आणि पोटऱ्यांतले गोळे यांच्याबरोबर याच टप्प्यावर अनेकांची टाच बोलायला लागते.

पण हे दुखणं फक्त वारकऱ्यांचं नाही. दिवसभर ओट्याशी उभी राहणारी गृहिणी, एमआयडीसीत शिफ्ट करणारी कामगार, वर्गात उभं राहून शिकवणारे गुरुजी, डाळिंबाची प्रतवारी करणारी मजूर आणि पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळणारा पोरगा, यांच्यापैकी कुणालाही ते होऊ शकतं. दर १० माणसांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी अशी टाचदुखी होते असं मानलं जातं. ४० ते ६० या वयात तिचं प्रमाण जास्त असतं.

डॉक्टरांच्या भाषेत या दुखण्याचं नाव आहे प्लांटर फॅसायटिस.

तळव्यातला रहाट

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅसिया म्हणतात. तळव्याला मधे जी कमान असते ती या पट्ट्याने ताणून धरलेली असते. धनुष्याची काठी म्हणजे पायाची हाडं आणि दोरी म्हणजे हा पट्टा, असं समजलं तरी चालेल. अंगाचा भार पायावर आला की कमान थोडी पसरते, दोरी ताणली जाते आणि पाय सपाट होत नाही.

या पट्ट्याचं दुसरं काम आणखी मजेदार आहे. पाऊल उचलताना टाच वर जाते आणि बोटं मागे वळतात. त्या वेळी हा पट्टा बोटांच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जातो ना, अगदी तसा. दोर आखूड होतो, कमान वर उचलली जाते आणि मऊ पाऊल एकदम टणक होऊन शरीराला पुढे ढकलतं. हिक्स नावाच्या ब्रिटिश शरीररचना अभ्यासकाने १९५४ मध्ये ही यंत्रणा मांडली आणि तिला रहाटाचंच इंग्रजी नाव दिलं. आपल्याकडच्या जुन्या विहिरी पाहिलेल्या माणसाला ती समजायला अवघड नाही.

आता हिशोब करा. माणूस एक किलोमीटर चालला तर हजाराहून जास्त पावलं पडतात. वारीत दिवसाला १५-२० किलोमीटर चाल होते. म्हणजे प्रत्येक पायाचा रहाट दिवसाला दहा हजार वेळा किंवा त्याच्या आसपास फिरतो. या सगळ्या ताणाचा मारा एका जागी येतो. ती जागा म्हणजे टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा हाडाला चिकटलेला असतो. सवयीपेक्षा जास्त ताण पडत राहिला की तिथल्या तंतूंची झीज भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त होऊ लागते.

मग सकाळीच का दुखतं? झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरी आणि तळव्याचा पट्टा दोन्ही रात्रभर आखडलेल्या स्थितीत राहतात. उठून पहिलं पाऊल टाकलं की सगळा भार एकदम त्या आखडलेल्या, दुखऱ्या पट्ट्यावर येतो. चार पावलांनी तो सैल होतो आणि कळ ओसरते. बरं वाटलं म्हणून दिवसभर राबलं की संध्याकाळी ठणका पुन्हा वाढतो.

'फॅसायटिस' या नावातच सूज असा अर्थ आहे. पण ते नाव पूर्ण बरोबर नाही. २००३ मध्ये अमेरिकेत ५० शस्त्रक्रियांतून काढलेले पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यात सुजेच्या खुणा दिसल्या नाहीत, झिजेच्या दिसल्या. हा फरक फक्त पुस्तकी नाही. सूज असती तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी काम भागलं असतं. झीज असेल तर पट्ट्यावरचा ताण कमी करून त्याला हळूहळू मजबूत करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. गोळी संपली की दुखणं परत येतं ते यामुळेच.

'टाचेचं हाड वाढलंय' म्हणजे काय?

गावाकडे टाच दुखते म्हटलं की पहिला अंदाज असतो, "हाड वाढलं असेल." एक्स-रे काढला जातो, त्यात टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं आणि रुग्ण घाबरतो. हा काटा आतून टोचतोय, तो कापल्याशिवाय बरं वाटणार नाही असं त्याला वाटू लागतं.

तसं नसतं. असं टोक टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये सापडतं. उलट टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतं. टाचदुखी बरी झाल्यावरही ते टोक तिथेच राहतं. त्यामुळे नेहमीच्या टाचदुखीत पहिल्याच भेटीत एक्स-रेची गरज बहुधा पडत नाही. दुखण्याची कहाणी ऐकून आणि टाचेची आतली बाजू अंगठ्याने दाबून डॉक्टरांना निदान करता येतं. शंका असेल किंवा उपचार करूनही फरक पडत नसेल तर सोनोग्राफी करतात. तिच्यात पट्ट्याची जाडी दिसते. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ही खूण मानली जाते.

कुणाला जास्त होतं?

२००३ मध्येच झालेल्या आणखी एका अभ्यासात टाचदुखीचे ५० रुग्ण आणि दुखणं नसलेली १०० माणसं यांची तुलना केली गेली. त्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या. घोट्यातून पाऊल वर न वळणं, म्हणजे आखडलेली पोटरी. जास्त वजन. आणि दिवसाचा बराच वेळ उभ्याने काम. या तिन्हींत आखडलेल्या पोटरीचा संबंध सगळ्यात जोरदार होता.

आपल्या पोटरीची परीक्षा घरीच घेता येते. चप्पल काढून, टाच जमिनीला टेकलेली ठेवून उकिडवं बसून पाहा. टाच उचलली जात असेल किंवा मागे तोल जात असेल तर घोटा आणि पोटरी आखडलेली असण्याची शक्यता आहे. एकेकाळी शेतात, चुलीपुढे आणि शौचाला उकिडवं बसणं रोजचं होतं. खुर्ची, गॅसचा ओटा आणि कमोड आल्यावर ते सुटलं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ते बरंच झालं, पण पोटरीचा फुकटचा व्यायामही त्याबरोबर गेला.

घरातली फरशी हा आणखी एक मुद्दा. शेणाने सारवलेली जमीन थोडी तरी दबते. शहाबादी फरशी किंवा टाइल्स दबत नाहीत. त्यावर अनवाणी उभं राहून दोन वेळचा स्वयंपाक, भांडी आणि धुणं केलं की दिवसातले पाच-सहा तास टाचेवर जातात. घरात चप्पल घालायची नाही ही आपली रीत आहे, स्वयंपाकघरात आणि देवघरात तर नाहीच. त्यावर अनेक घरांनी काढलेला तोडगा साधा आहे. कधीच बाहेर न नेलेला मऊ तळाचा एक वेगळा जोड फक्त घरात वापरायचा. सासूबाईंना तोही चालत नसेल तर ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाकावी. टाचदुखीवर मलमापेक्षा ही मॅट जास्त उपयोगी पडते.

वारीच्या रस्त्याबद्दलही बोललं जातं. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी आहे. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट हा त्या योजनेचा भाग आहे. काँक्रीट रस्त्यामुळे पाय जास्त दुखतात अशी तक्रार जुने वारकरी करतात. रस्ता टणक असतो हे खरं, पण टाचदुखीचं सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. मोठं कारण साधं आहे. वर्षभर दिवसाला दोन किलोमीटरही न चालणारा माणूस एकदम रोज १५-२० किलोमीटर चालायला लागतो, आणि तेही झिजलेल्या पातळ स्लिपरवर.

अंथरुणातच करायचा व्यायाम

या दुखण्यातला सगळ्यात महत्त्वाचा उपचार फुकट आहे. कदाचित म्हणूनच त्यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

सकाळी जाग आल्यावर पाय जमिनीला लावायच्या आधी अंथरुणातच बसा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटं मुळाशी धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्यातला पट्टा ताणला गेला पाहिजे. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवलात तर तो तारेसारखा लागतो. १० आकडे मोजेपर्यंत ताण धरा, सोडा. असं १० वेळा. मगच पहिलं पाऊल टाका. दिवसातून तीनदा हे करायचं आणि बराच वेळ बसून उठण्यापूर्वी तर नक्कीच.

२००३ मध्ये १०१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या ताणाची तुलना पोटरीच्या नेहमीच्या ताणाशी केली गेली. आठ आठवड्यांनी पट्ट्याचा ताण देणाऱ्यांना जास्त आराम पडलेला दिसला. पण पोटरीचा ताण सोडून द्यायचा असं नाही. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पुढे झुकायचं. अर्धा मिनिट थांबायचं. तीन-चार वेळा करायचं.

दुसरा व्यायाम ताकदीचा आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ साली ४८ रुग्णांवर तो तपासला गेला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहायचं, टाच बाहेर लोंबती. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटं मागे वळतात आणि आपला तो रहाट फिरतो. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. कठड्याचा आधार घ्यायला हरकत नाही. एका पायावर जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांनी करावी. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा आणि जमेल तसं पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवत न्यायचं. तीन महिन्यांनी या गटाला फक्त ताण देणाऱ्या गटापेक्षा जास्त फायदा दिसला. वर्षभराने मात्र दोन्ही गट जवळपास सारख्याच ठिकाणी पोचले होते. म्हणजे ज्याला जिन्यावरचा व्यायाम झेपत नाही त्याने निराश व्हायचं कारण नाही.

याच्या जोडीला काही साध्या गोष्टी आहेत. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे फिरवली की संध्याकाळचा ठणका कमी होतो. चपलेत टाचेखाली सिलिकॉनचा मऊ कप घातला की मार कमी बसतो. कमानीला आधार देणारे तयार इनसोल दुकानात मिळतात. पायाचा साचा घेऊन बनवलेले महागडे इनसोल त्यांच्यापेक्षा फार सरस ठरतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेव्हा आधी स्वस्त जोड वापरून पाहणं शहाणपणाचं. फिजिओथेरपिस्टकडून तळव्याला टेप लावून घेतला तर काही दिवस चांगला आराम पडतो. लग्नसराई किंवा वारी तोंडावर असेल तर हा उपाय कामाचा आहे.

आणि वेळ. या आजारात सगळ्यात कडू औषध तेच आहे. १० पैकी ८-९ जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्याला काही महिने लागतात, कधी कधी वर्षही. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारे बहुतेकजण पुढची पायरी गाठतात. ती म्हणजे सुई.

टाचेतलं इंजेक्शन घ्यावं का?

स्टेरॉइडचं इंजेक्शन टाचेत दिल्यावर अनेकांना चार-आठ दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. त्याचं कौतुक गावभर होतं आणि "त्या डॉक्टरांकडे जा, एकच सुई मारतात" असा सल्ला दिला जातो. पण सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्याचा फायदा बेताचा आणि साधारण महिनाभर टिकणारा दिसला. पुढे इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही.

एखादं इंजेक्शन जाणत्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून घेतलं तर त्यात गैर काही नाही. दुखणं इतकं असेल की व्यायामच करता येत नाही, तेव्हा ते दारही उघडतं. धोका पुन्हा पुन्हा घेण्यात आहे. वारंवार स्टेरॉइड गेलं तर तळव्याचा पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होऊ शकते. ही गादी म्हणजे निसर्गाने दिलेली उशी. ती एकदा गेली की परत आणणारा उपचार नाही, आणि मग दुखणं वेगळ्याच जातीचं होतं. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती तपासत राहावी आणि डॉक्टरांना आधीच सांगावं.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. दोन-चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट, रक्तदाब आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. वारीत तर माणूस घामाने पाणी घालवत असतो, पाणी कमी पितो आणि त्यावर रिकाम्या पोटी गोळी घेतो. मूत्रपिंडासाठी हे त्रिकूट वाईट आहे.

सहा महिने नेटाने सगळं करूनही फरक पडला नाही तर शॉकवेव्ह उपचार, स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन असे पर्याय आहेत. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

गरम वीट आणि रुईचं पान

या भागातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती एक उपाय सांगेल. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच दाबायची. आयुर्वेदातही टाचेच्या या दुखण्याची ओळख जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' या नावाने ते येतं आणि वेड्यावाकड्या जागी पाऊल पडण्याशी त्याचा संबंध जोडलेला आहे. त्यावर अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या सळीने ठरावीक जागी डाग देणं, आजही वैद्य करतात.

शेकाने बरं वाटतं हे खरं आहे. उष्णतेने पोटरी आणि तळवा सैल होतो, म्हणून सकाळच्या ताणाआधी कोमट पाण्यात पाय ठेवणं चांगलंच. मात्र शेकाने झीज भरून येत नाही, त्यामुळे व्यायामाची जागा वीट घेऊ शकत नाही. रुईचा चीक त्वचेला भाजतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

खरा धोका मधुमेहींना आहे. साखर बरीच वर्षं जास्त असेल तर पायाची संवेदना कमी होते. वीट किती तापली आहे हे त्या माणसाला कळतच नाही. टाच भाजते, फोड येतो, जखम चिघळते आणि साध्या टाचदुखीचं प्रकरण बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत जाऊ शकतं. घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाला वीट, गरम पाण्याची पिशवी, डाग, यातलं काहीही लावू नये. बर्फाची बाटलीही नको. आणि अनवाणी वारीचा नवस असेल तर त्याबद्दल विठोबा रागावणार नाही असं घरच्यांनी समजावून सांगावं.

पळणाऱ्या पोरांची टाच वेगळी असू शकते

बारामती आणि इंदापूरच्या रस्त्यांवर पहाटे निघालात तर पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. जाहिरात निघाली की सराव एकदम वाढतो. महिनाभर बंद असलेला पाय रोज पाच-सहा किलोमीटर मारतो, बूट मात्र मागच्या भरतीचे असतात.

अशा वयात टाच दुखली तर ती प्लांटर फॅसायटिसच असेल असं धरून चालू नये. सतत आदळून टाचेच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. ओळखायची एक खूण अशी की टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली तर कळ येते आणि चालताना दुखणं कमी न होता वाढत जातं. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेत हा तडा दिसतही नाही. अशा पायावर गोळी घेऊन पळत राहिलं तर तडा वाढतो आणि ती भरतीच नाही, पुढचीही हातातून जाते. इथे विश्रांती हाच उपचार आहे आणि अकॅडमीतल्या सरांना हे सांगताना लाजायचं काही कारण नाही.

दुसरी एक शक्यता सहज निसटते. विशी-तिशीतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडलेली असते, हालचाल केल्यावर सुटते. हे मणक्याच्या संधिवाताचं लक्षण असू शकतं. त्यासाठी संधिवाततज्ज्ञाकडेच जायला हवं, कारण वेळेत उपचार सुरू झाले तर मणका ताठ होण्यापासून वाचवता येतो.

टाचेत आग किंवा मुंग्या, रात्री पडल्या पडल्याही ठणका, ताप, पडल्यानंतर किंवा उंचावरून उडी मारल्यावर सुरू झालेलं दुखणं, पळताना तळव्यात 'कट्‌' असा आवाज होऊन एकदम आलेली कळ आणि मधुमेहीच्या पायावरची कुठलीही जखम, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. बारामतीत २०१९ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवता येतं. प्रत्येक वेळी पुण्याची वाट धरायची गरज नाही.

वारीला जायचंच आहे तर

टाच दुखते म्हणून वारी चुकवा असं सांगणारा सल्ला कुणी ऐकणार नाही. तो द्यायची गरजही बहुतेकांच्या बाबतीत नाही.

तयारी मात्र आषाढाच्या तोंडावर करून चालत नाही. दोन-तीन महिने आधी चालणं सुरू करावं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. ज्या बुटात किंवा सँडलमध्ये वारी करायची त्यातच हा सराव करावा, म्हणजे नवा जोड वाटेत चावत नाही. टाचेखाली जाड, बोटांपाशी वाकणारा आणि मधे न वाकणारा तळ चांगला. मागे पट्टा हवाच. सपाट स्लिपर पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात आणि तळवा जास्त थकतो. पावसात बूट भिजतात ही अडचण खरी आहे, म्हणून पट्ट्याचं सँडल आणि मोज्यांचे दोन-तीन जोड हा मधला मार्ग बरेचजण काढतात.

वाटेत दुपारच्या विसाव्याला बूट काढून तळव्याचा आणि पोटरीचा ताण पाच मिनिटं द्यावा. मुक्कामी पाय चेपून देणारे सेवेकरी भेटतात, त्यांना पोटऱ्या चेपायला सांगावं. दुखऱ्या टाचेवर अंगठ्याने जोर काढू देऊ नये. दुखणं १० पैकी ३-४ इतकं असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल तर चालत राहायला हरकत नाही. रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त लंगडावं लागत असेल तर एक टप्पा दिंडीच्या गाडीतून करावा. सामानाच्या ट्रकमध्ये बसून बेलवाडीचं रिंगण गाठलेला वारकरी काही कमी वारकरी ठरत नाही.

परतीचा प्रवास बहुतेकांचा एसटीने होतो. पंढरपुरातून बसलेला माणूस तीन-चार तास पाय खाली सोडून बसतो आणि इंदापूर किंवा बारामतीच्या स्टँडवर उतरताना पहिल्याच पायरीवर टाचेत कळ येते. इतके दिवस चालताना जेवढं दुखलं नाही तेवढं आत्ता का, असा प्रश्न पडतो. उत्तर तेच आहे, पट्टा पुन्हा आखडलाय. स्टँड यायच्या पाच मिनिटं आधी सीटवरच पाय मांडीवर घ्यायचा, बोटं मागे ओढायची, १० आकडे मोजायचे. शेजारचा प्रवासी बघत राहील, त्याला बघू द्यावं. मग उतरावं.